पोलादाचा धूर आणि व्यापाऱ्याचा धर्म

सुलतान बाजारातील एखादे दुकान सकाळी उघडले जाते, तेव्हा दुकानदाराचा पहिला हात पडतो तो पोलादावर. कुलूप पोलादाचे, वर सरकणारे शटर पोलादाचे. आत गेल्यावर तिजोरी, तराजू, कपाट आणि कापड मोजण्याचा गज हेही बहुधा त्याच धातूचे. फेब्रुवारी २०२० पासून आपल्या बाजाराच्या माथ्यावरून जी मेट्रो गाडी धावू लागली, तिचे रूळ पोलादाचे आणि तिचा भार वाहणाऱ्या खांबांच्या पोटातील सळयाही पोलादाच्याच. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचा व्यवहार कापड, दागिने, भांडी, औषधे यांचा आहे. प्रत्यक्ष लोखंडाचा व्यापार करणारे बंधू त्या मानाने थोडे. तथापि पोलाद विकत घेत नाही असा सभासद एकही सापडणार नाही. ज्या वस्तूचे आपण सर्वच गिऱ्हाईक आहोत, ती वस्तू तयार होताना आकाशात काय सोडले जाते, याचा विचार करणे म्हणूनच आपणा सर्वांचे काम आहे.

हा विचार जैन व्यापाऱ्यास परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रकारांनी पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाचही ठिकाणी एकेंद्रिय जीव मानले. वायू हीच ज्यांची काया, ते वायुकायिक जीव. आपल्या बोलण्याने, उच्छ्वासाने त्यांना पीडा होऊ नये म्हणून आपले श्वेतांबर साधुसाध्वी मुखासमोर मुहपत्ती धरतात. स्थानकवासी व तेरापंथी तर ती निरंतर बांधूनच ठेवतात. अशा साधूंना वंदन करून आपण उपाश्रयातून दुकानी येतो आणि दूरध्वनीवरून सळयांचा भाव ठरवतो. त्या सळया ज्या धुराड्याखाली तयार झाल्या, त्या धुराड्याच्या तोंडाला कोणती मुहपत्ती होती, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. आणि योगायोग असा की, सांप्रत जगातील राष्ट्रेही एकमेकांना नेमका हाच प्रश्न विचारू लागली आहेत.

धूर दोन प्रकारचा

खाणीतून निघणारे लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग होय. त्यातील प्राणवायू काढून घेतल्याखेरीज लोखंड हाती येत नाही, आणि तो काढून घेण्याचे काम कित्येक शतके कोळसा करीत आला आहे. झोतभट्टीत कोक जळतो, खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि अखेर कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. या मार्गाने एक टन पोलाद करावयास सुमारे १,४०० किलो खनिज आणि सुमारे ८०० किलो कोळसा लागतो. म्हणजे येथे कोळसा इंधन तर आहेच, शिवाय तो त्या रासायनिक क्रियेचा घटकही आहे. कापडगिरण्या वाफ सोडून विजेवर आल्या, तितक्या सहजतेने झोतभट्टीला कोळसा सोडता येत नाही, याचे मर्म हे.

या धुराचे दोन प्रकार आहेत. पहिला धूर शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. धूळ, काजळी, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे त्याचे घटक. तो डोळ्यांना दिसतो, नाकाला झोंबतो, शेतातील पिकावर बसतो आणि मुलांच्या छातीत जातो. दुसरा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो कोणा एका गावाचा राहत नाही, सर्व पृथ्वीवर पसरतो आणि दीर्घकाळ टिकून हवामान तापवितो. मनुष्याच्या व्यवहारांतून निघणाऱ्या या वायूचा शेकडा सातच्या आसपास हिस्सा एकट्या पोलादाचा आहे. पहिल्या धुरावर यंत्राने उपाय होतो : विजेच्या योगाने धूळ ओढून धरणारे यंत्र बसवावे, कापडी पिशव्यांची गाळणी लावावी, म्हणजे तो पुष्कळसा अडतो. दुसऱ्यावर उपाय करावयाचा तर पोलाद करण्याची रीतच पालटावी लागते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

वाऱ्याला जकातनाका नाही

डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियम देशातील म्यूझ नदीच्या खोऱ्यात दाट धुके पसरले. खोरे अरुंद, दोन्ही अंगांस टेकड्या आणि नदीकाठाने पोलाद, जस्त व रसायने यांचे कारखाने. काही दिवस धूर वर जाऊ शकला नाही आणि सुमारे ६० माणसे दगावली. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोनोरा या गावी तोच प्रकार घडला. तेथेही नदी, तेथेही टेकड्या. काठावर पोलादाचा आणि जस्ताचा कारखाना, आणि वर उबदार हवेचे झाकण. तेथे २० माणसे मेली व हजारो आजारी पडली. या दोन्ही ठिकाणी धूर सोडणारे आणि धुराने मरणारे एकाच खोऱ्यातील रहिवासी होते. त्यामुळे त्याचा विचार त्या त्या देशाच्या कायद्याने करावयाचा, असे सर्वांस वाटले.

पुढे उपाय म्हणून धुराडी उंच बांधण्याची रीत पडली. गावची हवा त्यामुळे सुधारली, पण धूर नाहीसा झाला नव्हता. त्याने केवळ पत्ता बदलला होता. स्वीडन व नॉर्वे या देशांतील ज्या सरोवरांच्या काठी मोठे कारखाने नव्हते, तेथील मासे नाहीसे होऊ लागले. स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९६७-६८ च्या सुमारास दाखवून दिले की, युरोपातील इतर देशांच्या धुराड्यांतून निघालेले गंधकाचे वायू शेकडो मैल वाहत येतात आणि आम्ल होऊन पावसाबरोबर उतरतात. व्यापारी मालाला सीमेवर जकातनाका असतो. वाऱ्याला तो नसतो, हे युरोपला तेव्हा कळले.

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रसंघाची पर्यावरण परिषद भरली. आपल्या देशाच्या वतीने पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे बोलल्या. त्यानंतर १९७९ मध्ये जिनीव्हा येथे दूर पल्ल्याच्या वायुप्रदूषणासंबंधीचा करार झाला आणि १९८३ मध्ये तो अमलात आला. १९८५ च्या हेलसिंकी मसुद्याने सभासद राष्ट्रांनी गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या मानाने ३० टक्के कमी करावे, आणि तेही १९९३ च्या आत, असे ठरवून दिले. त्या काळी युरोपाचे दोन तट पडलेले होते आणि एकमेकांवर शस्त्रे रोखून उभे होते. तरीही दोन्ही तटांतील राष्ट्रांनी एकाच कागदावर सह्या केल्या. जमिनीविषयी ज्यांचे जमत नव्हते, त्यांचे हवेविषयी जमले. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा पहिला मोठा धडा होय.

किताक्यूशूच्या मातांची गोष्ट

दुसरा धडा जपानने दिला; तो देणारे मुत्सद्दी नव्हते, गृहिणी होत्या. आज किताक्यूशू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरात यावाता येथील पोलादाचा कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला. तेथील धुराड्यांतून निघणाऱ्या नाना रंगांच्या धुराचा नागरिकांना अभिमान वाटे. सात रंगांचा धूर म्हणून त्याची कीर्ती गायली जाई. पण वाळत घातलेले कपडे काळे पडत, मुले खोकत, आणि शेजारच्या दोकाई उपसागराला लोक मृत समुद्र म्हणू लागले. तेव्हा तोबाता भागातील महिला मंडळे पुढे आली. त्यांच्यापैकी अनेकींच्या घरची चूल त्याच कारखान्यांच्या पगारावर पेटत होती. म्हणून कारखाना बंद करा असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी धूळ गोळा केली, मोजली, विद्यापीठातील अध्यापकांकडून समजून घेतली आणि नोंदी ठेवल्या. निळे आकाश आम्हांला परत हवे, अशा अर्थाचा एक चित्रपटही त्यांनी १९६५ मध्ये तयार केला. हाती आकडे घेऊन आलेल्या या स्त्रियांना उत्तर देणे नगरपालिकेला व कारखानदारांना भाग पडले. पुढे उभयतांमध्ये करार झाले, यंत्रे बसली आणि आकाश खरोखरच निवळले.

गोष्ट येथे संपत नाही. या नगराने १९७९ मध्ये चीनमधील दालियान या औद्योगिक नगराशी भगिनी-नगराचे नाते जोडले आणि पुढे धूर आवरण्याची आपली विद्या तेथील अधिकाऱ्यांना व तंत्रज्ञांना शिकविली. एका नगराने दुसऱ्या नगराला हात दिला, ही सहकार्याची फार सुलभ आणि फार फलदायी रीत आहे. आपल्यासारख्या व्यापारी संघटनांना तीत घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या दारचा इतिहास

आपल्या देशातील पोलादाचा इतिहासही राष्ट्राराष्ट्रांच्या सहकार्यानेच घडला आहे. स्वातंत्र्यानंतर भिलाई येथे सोव्हिएत संघाच्या, राउरकेला येथे पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर येथे ब्रिटनच्या साहाय्याने मोठे कारखाने उभे राहिले. तिन्ही ठिकाणच्या झोतभट्ट्या १९५९ या एकाच वर्षी पेटल्या. त्या पिढीला धुराडे हे प्रगतीचे निशाण वाटे आणि त्यात तिचा दोष नव्हता. परके राज्य नुकतेच गेले होते आणि सुईपासून रुळापर्यंत सर्व काही आपल्या देशात घडवावयाचे होते.

याच परंपरेतील एक प्रकरण आपल्या तेलंगणातच घडले. पण त्याची आठवण फार थोड्यांना आहे. तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातील, आणि आताच्या भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यातील, पाल्वंचा या गावी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या आणि औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने स्पंज आयर्नचा एक प्रायोगिक कारखाना उभारण्यात आला. विद्या जर्मनीची, कोळसा सिंगरेनीचा, वर्षाला ३०,००० टन माल काढण्याची शक्ती. १९८० मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. या पद्धतीत झोतभट्टी नको, महागडा कोकही नको. साधा कोळसा आणि खनिज एका लांब, फिरत्या नळीसारख्या भट्टीत तापवावयाचे. खनिज वितळत नाही, त्यातील प्राणवायू तेवढा निघून जातो आणि छिद्रमय लोखंड मागे उरते. ज्या देशाजवळ कोकचा कोळसा थोडा आणि भांडवल त्याहून थोडे, त्याला ही विद्या वरदान वाटली. पुढे २०१० मध्ये हा कारखाना एनएमडीसी या सरकारी कंपनीत विलीन झाला.

वरदान मात्र पुष्कळ पसरले. गेल्या दोन दशकांत आपला देश स्पंज आयर्नच्या उत्पादनात जगात पहिला ठरला आणि त्यातील बहुतांश माल कोळशावरच निघतो. छोट्या भट्ट्या, थोडे भांडवल आणि भोवतालच्या गावांवर बसणारी धूळ असे चित्र अनेक राज्यांत दिसू लागले. धूळ पकडण्याचे यंत्र असते, पण वीज वाचावी म्हणून रात्री ते बंद ठेवतात, अशी तक्रार ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली आहे. राष्ट्रसंघाच्या साहाय्याने विद्या आली, परंतु तिच्या धुराला बांधावयाची मुहपत्ती तिच्याबरोबर सर्वत्र पोचली नाही. सहकार्य अर्धे राहिले की त्याचे फळ असे कडू लागते.

या स्पंज आयर्नचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे सळयांचा धंदा. आणि त्या धंद्याचे एक मोठे ठाणे आहे जालना. हे नाव आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत जालना आपल्याच हैदराबाद राज्यात होते. १९०० मध्ये पुऱ्या झालेल्या गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने ते आपल्या शहराशी जोडले गेले आणि तेव्हापासून दोन्ही पेठांमधील व्यापारी घराण्यांत देवघेव चालत आली आहे. आज तेथील इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न विजेने वितळवितात आणि रोलिंग मिलमध्ये त्याच्या सळया ओढतात. मराठवाड्यातील कित्येक हातांना या उद्योगाने काम दिले. म्हणून धुराचा विचार करताना ही भट्टी विझावी अशी इच्छा कोणी धरू नये. ती निर्मळ व्हावी अशी धरावी.

सहकार्याची दुसरी फेरी

सुदैवाने सहकार्याची दुसरी फेरी सुरू झाली आहे आणि तिची काही फळे हाती आली आहेत. छोट्या रोलिंग मिलसाठी आपल्या पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रसंघाचा विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने २००४ मध्ये एक योजना हाती घेतली. सळई ओढण्यापूर्वी लोखंड ज्या भट्टीत तापवितात, तिच्यातून जाणारी उष्णता वाया जाऊ न देता तिनेच आत येणारी हवा तापवावी, इंधन व हवा यांचे प्रमाण यंत्राने राखावे, अशा साध्या सुधारणा ३४ कारखान्यांत करून दाखविल्या. ऊर्जेचा खर्च शेकडा २५ ते ३० कमी झाला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारने साहाय्य केले आणि ही सुधारणा आणखी कित्येक कारखान्यांपर्यंत गेली. व्यापाऱ्याला यातील मर्म सांगावयास नको. जो धूर कमी झाला, तो कालपर्यंत पैसे देऊन विकत घेतलेला कोळसा वा तेलच होते. पुष्कळसा धूर म्हणजे धुराड्यावाटे उडून जाणारे भांडवलच होय.

मोठ्या कारखान्यांसाठी जपानशी सहकार्य चालू आहे. उभय देशांतील पोलाद उद्योगांच्या व सरकारांच्या संयुक्त बैठका २०११ पासून होऊ लागल्या आणि भारतीय कारखान्यांस कोणती यंत्रे उपयोगी पडतील याची यादीच तयार करण्यात आली. उदाहरणार्थ, भट्टीतून निघालेला लालबुंद कोक पाण्याने विझविला, तर धुळीने भरलेल्या वाफेचा लोट आकाशात जातो आणि उष्णताही फुकट जाते. तोच बंद पेटीत निष्क्रिय वायूने निवविला, तर धूळ अडते आणि त्या उष्णतेवर वीज निघते. जमशेदपूर येथे असे संयंत्र जपानच्या सहकार्याने बसले. आपल्या शेजारच्या विशाखापट्टण येथील कारखान्यात भाजलेले खनिज निवताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यापासून सुमारे २० मेगावॅट वीज काढण्याचे कामही जपानच्या साहाय्याने झाले.

तथापि या सर्व सुधारणा कोळसा कमी जाळण्याच्या आहेत. कोळसा सोडण्याच्या नाहीत. तो सोडावयाचा प्रयत्न स्वीडनने केला. तेथील पोलाद, खनिज आणि वीज या तीन क्षेत्रांतील तीन कंपन्या २०१६ मध्ये एकत्र आल्या. कोळशाच्या जागी हायड्रोजन वायू वापरावा, असा त्यांचा प्रयोग. हायड्रोजनने खनिजातील प्राणवायू ओढून घेतला की उरते ती पाण्याची वाफ. २०२० मध्ये लुलिओ या नगरी प्रायोगिक कारखाना सुरू झाला आणि २०२१ मध्ये अशा पोलादाची पहिली खेप गिऱ्हाइकाकडे गेली. याच स्वीडनने भारताला बरोबर घेऊन सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे अवजड उद्योगांच्या परिवर्तनासाठी राष्ट्रांचा व कंपन्यांचा एक गट स्थापन केला. २०२३ च्या दुबई परिषदेत त्या गटाच्या कामाचा पुढील टप्पा जाहीर झाला.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ज्या औद्योगिक विकास संघटनेने पाल्वंचाच्या भट्टीला हातभार लावला होता, तिच्याच देखरेखीखाली २०२१ मध्ये भारत व ब्रिटन यांच्या पुढाकाराने एक नवा उपक्रम सुरू झाला. सरकारे रस्ते, पूल व इमारती यांसाठी जे पोलाद व सिमेंट घेतात, ते घेताना त्यांनी धुराचा हिशोब मागावा, हा त्याचा आशय. भट्टी पेटविण्यास साहाय्य करणारी संस्था आता गिऱ्हाइकाला प्रश्न विचारावयास शिकवीत आहे. पूर्वी अर्धे राहिलेले काम पुरे करण्याची ही संधी होय.

धूर वहीत उतरतो

व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा पालट असा की, जो धूर आजवर कोणाच्याच खात्यावर पडत नव्हता, तो आता वहीत उतरू लागला आहे. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालाबरोबर त्याच्या कार्बनचा हिशोब मागण्यास आरंभ केला, आणि १ जानेवारी २०२६ हा त्याचा प्रत्यक्ष भार लागू होण्याचा दिवस ठरविला. भारताने या भारास आक्षेप घेतला आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही. ज्या राष्ट्रांनी दीडदोनशे वर्षे कोळसा जाळून वैभव मिळविले, त्यांनी उशिरा आलेल्यांकडून तेवढाच हिशोब मागावा, हे न्यायाला धरून नाही. जबाबदारी सर्वांची, पण भार ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे आणि पूर्वकर्माप्रमाणे, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेत सर्व राष्ट्रांनी मान्य केले होते. पूर्वकर्माचा हिशोब काय असतो, हे जैनांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि दुसऱ्याचे देणे मोठे आहे म्हणून आपले देणे फिटत नाही. एक टन पोलादामागे जगात सरासरी सुमारे १.९ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या देशात सुमारे २.५ टन. आपला देश पोलादाच्या उत्पादनात जगात दुसरा आहे, आणि २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टनांची उत्पादनशक्ती उभारण्याचा संकल्प २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात केलेला आहे. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल, तर ते पोलाद हरित. २.२ ते २ टनांच्या दरम्यान तीन तारे, २ ते १.६ टनांच्या दरम्यान चार तारे, १.६ टनांहून कमी असल्यास पाच तारे. सोन्याचा कस पाहणाऱ्या आपल्या सराफ बंधूंना ही रीत लगेच उमजेल. जसा सोन्यावर हॉलमार्कचा ठसा, तसा पोलादावर धुराचा कस.

येथे पूर्वी सांगितलेल्या दोन प्रकारच्या धुराची आठवण ठेवली पाहिजे. हे तारे मोजतात तो दुसरा, न दिसणारा धूर. पहिला, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारा धूर त्यांत मोजला जात नाही. चांगले तारे मिळविलेला कारखाना शेजारच्या खेड्यावर धूळ टाकीत असणे अशक्य नाही. दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला पहिल्या धुराचा उपद्रव होत नाही, म्हणून त्याच्या करारांत तो थोडाच येतो. तो उपद्रव आपल्याच लोकांना होतो आणि त्याची चौकशीही आपणच केली पाहिजे. राष्ट्रांचे सहकार्य जेथे पोचत नाही, तेथे शेजारधर्माचा आरंभ होतो.

केले, करविले आणि मान्य केले

श्रावकाच्या बारा व्रतांतील सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा वर्ज्य व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांतील पहिले अंगारकर्म. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या योगशास्त्रात त्याचे वर्णन करताना कोळसे पाडणे, विटा भाजणे यांबरोबर लोहाराच्या कामाचीही गणना केली. दिगंबर परंपरेत तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात अशाच पंधरा खरकर्मांचा विचार केला आहे. त्यामुळे आपल्या पूर्वजांनी बहुधा भट्टी पेटविली नाही. भट्टीतून निघालेल्या मालाचा व्यापार केला आणि आपण अंगारकर्मापासून अलिप्त आहोत असे समाधान मानले.

हे समाधान किती टिकाऊ आहे? शास्त्र कर्माचे तीन प्रकार सांगते : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केले असता मान्य केलेले. श्रावकाच्या व्रतात सामान्यतः तिसऱ्याची सूट असते; दुसऱ्याची नसते. मग सर्वांत स्वस्त सळई मागून जो गिऱ्हाईक कारखानदाराला रात्री धुळीचे यंत्र बंद ठेवण्याचा मोह घालतो, त्याने तो धूर मान्य केला की करविला? गृहस्थाला एकेंद्रिय जीवांची हिंसा सर्वथा टाळता येत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. म्हणून तर त्याला जयणा, म्हणजे शक्य तेवढी सावधगिरी, सांगितली. पण धूर वायुकायिक जीवांपाशी थांबत नाही. भट्टीजवळच्या मजुराच्या आणि पलीकडच्या वस्तीतील बालकाच्या श्वासात तो शिरतो. आणि तेथे प्रश्न पंचेंद्रिय जीवाचा होतो.

मग आपण काय करावे? आपल्यापैकी जे पोलादाचा व्यापार करतात, त्यांनी माल घेताना बळकटीच्या दाखल्याबरोबर हरित पोलादाचा दाखला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती या दोन कागदांची मागणी करण्याचा परिपाठ ठेवावा. पहिला कागद दुसऱ्या धुराचा, दुसरा कागद पहिल्या धुराचा. जे इतर व्यापार करतात, त्यांनी दुकानातील व घरातील भंगार इतर कचऱ्यात मिसळू न देता भंगारवाल्याकडे पोचवावे. एक टन भंगार पुन्हा वितळविले म्हणजे सुमारे १,४०० किलो खनिज व ७४० किलो कोळसा वाचतो. हातगाडीवर हिंडणारा भंगारवाला या अर्थाने धुराविरुद्धचा मोठा कार्यकर्ताच आहे, आणि त्याच्याशी घासाघीस करताना एवढे आपण आठवावे.

परंतु सर्वांत मोठे काम एकेकट्याचे नाही, संघाचे आहे. आपला समाज मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा, विद्यार्थी वसतिगृहे व रुग्णालये बांधतो. त्यांच्या पायांत व छतांत टनांनी सळया जातात. सरकारांनी खरेदी करताना धुराचा हिशोब मागावा, असे राष्ट्रांनी ठरविले आहे. तर धर्मार्थ संस्थांनी तो का मागू नये? बांधकामाच्या कंत्राटात याविषयीचे एक कलम घालावयास फार खर्च येणार नाही. थोडा भाव चढा द्यावा लागलाच, तर तो देणगीचाच भाग समजावा. ज्या वास्तूत बसून मुनिमहाराज वायुकायिक जीवांच्या रक्षणाचे व्याख्यान देणार, तिच्या भिंतींतील सळई कोणाच्या तरी श्वासावर घाला घालून आलेली असणे शोभत नाही.

कोणी म्हणेल, एका बाजारातील काही दुकानदारांनी विचारल्याने जगाचे आकाश निवळणार आहे काय? किताक्यूशूच्या गृहिणींनाही हाच प्रश्न विचारला गेला असेल. आंतरराष्ट्रीय करार मोठमोठ्या नगरांत होतात, त्यांवर पंतप्रधानांच्या व मंत्र्यांच्या सह्या होतात. परंतु तो करार खरा की खोटा, हे ठरते ते कोणत्या तरी दुकानाच्या गादीवर, माल घेणाऱ्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाने. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर कारखानदाराने यंत्र चालू का ठेवावे?

दरवर्षी संवत्सरीच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत वारा आहे, जालन्याच्या भट्टीपुढील मजूर आहे आणि पाल्वंचाच्या परिसरातील बालकही आहे. क्षमा मागण्यापूर्वी निदान एक प्रश्न आपण विचारला होता, एवढे समाधान पुढील संवत्सरीस आपल्या पदरी असावे. आपल्या संघाच्या पुढील सभेत बांधकामाच्या कलमाचा ठराव यावा आणि तो एकमताने संमत व्हावा, ही सर्व सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती.